पेजमेकरच्या फायलींसाठी एक जुना संगणक

२००३ सालच्या लग्नपत्रिकेचा मजकूर असलेली वर्डची फाइल आजच्या लॅपटॉपवर उघडून पाहा. वर मधोमध ‘॥ श्री गणेश प्रसन्न ॥’ असायला हवे, तिथे इंग्रजी अक्षरे, उलटसुलट कंस आणि डॉलर-टक्क्याच्या खुणा यांची एक ओळ दिसते. वधूवरांची नावे, मुहूर्त, निमंत्रकांची यादी, सगळ्यांची तीच गत. पाने जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये केलेली पत्रिका असेल, तर ती बहुधा उघडतही नाही.

फाइल खराब झालेली नसते. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये, म्हणजे अक्षरांच्या साच्यांच्या संचामध्ये, इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा बसवलेला असे. कुठे काना, कुठे अर्धा ‘श’, कुठे रफार. संगणक मनात इंग्रजीच लिहीत असे, मराठी दिसे ती फक्त त्या फाँटमुळे. फाँट गेला की खालचे इंग्रजी उघडे पडते. शिवाय शिवाजी, श्रीलिपी, सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी या प्रत्येकाची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचे कोडे दुसऱ्याने सुटत नाही.

बीड शहरात दैनिके पुष्कळ. अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई इथे डीटीपीची दुकाने आणि छोटे छापखाने आहेत. वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी जुळवलेल्या पत्रिका, स्मरणिका, शाळांचे वार्षिक अंक, दैनिकांची पाने आज माळ्यावरच्या हार्ड डिस्कमध्ये आणि सीडींच्या चळतीत पडून आहेत. गावाचा हा अलीकडचा लेखी इतिहास आहे आणि तो वाचायला त्याच काळातला संगणक सगळ्यात भरवशाचा. तो कसा उभा करायचा, ते आपण क्रमाने पाहू. यातले काही येत नसले तरी हरकत नाही. एक पेचकस, एक मल्टिमीटर आणि दोन-तीन निवांत रविवार पुरतात.

पहिली पायरी भाग गोळा करण्याची नाही, काम ठरवण्याची आहे. बहुतेकांचे इथेच चुकते. भंगारात स्वस्तात डबा मिळाला म्हणून आणतात, त्यात जी विंडोज चालेल ती टाकतात आणि शेवटी लक्षात येते की हवे ते सॉफ्टवेअर त्यावर चढत नाही. क्रम उलटा हवा. कोणत्या फायली उघडायच्या, त्यावरून सॉफ्टवेअर ठरते. सॉफ्टवेअरवरून कार्यप्रणाली ठरते आणि कार्यप्रणालीवरून यंत्र. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि आपले काम यांच्यामध्ये बसलेला कारभारी. विंडोज हा त्यातलाच एक.

म्हणून आधी एका कागदावर लिहून काढा: फायली पेजमेकर ६.५ च्या की ७ च्या? कोरलड्रॉच्या कितव्या आवृत्तीच्या? मराठी कशात टाइप केले? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी असेल, तर तिचे हार्डवेअर लॉक सापडते का? हे लॉक म्हणजे काडेपेटीएवढा एक तुकडा. तो संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पंचवीस छिद्रांच्या पोर्टमध्ये लावायचा. तो नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. पुढे यूएसबीची लॉक आली, पण जुनी सगळी प्रिंटर पोर्टची. अनेक दुकानांत हे लॉक प्रिंटरच्या वायरीला तसेच चिकटून भंगारात गेले आहे. जुनी वायर फेकण्याआधी तिचे टोक तपासा.

आता कार्यप्रणाली. पर्याय चार आणि त्यांतला एक बहुतेकांच्या कामाचा.

डॉस फार मागचा. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. त्यावर देवनागरी आणायला सी-डॅकचे जिस्ट नावाचे कार्ड बसवावे लागे. तसे कार्ड आणि त्यावरचे काम आपल्याकडे असेल तरच या वाटेला जा.

विंडोज ९८ जून १९९८ मध्ये आली, तिची सुधारित दुसरी आवृत्ती १९९९ मध्ये. पेजमेकर ६.५ आणि प्रिंटर पोर्टची जुनी लॉक हिच्यावर सुखाने चालतात. पण हिच्या तीन खोडी आधीच माहीत असाव्यात. ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम, म्हणजे काम चालू असतानाची स्मृती, दिली की ही ‘मेमरी अपुरी’ असे सांगून अडून बसते. मग माणूस आणखी रॅम घालतो आणि घोटाळा वाढतो. दुसरी खोड: १३७ जीबीपेक्षा मोठी डिस्क हिला सांभाळत नाही. सुरुवातीला सगळे ठीक दिसते आणि ती सीमा ओलांडली की फायली एकमेकींवर लिहिल्या जातात. तिसरी: पेन ड्राइव्ह लावला की त्याचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाशी कसे बोलायचे हे विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्रॅम, मागते.

२००१ ची विंडोज एक्सपी मला या कामासाठी सगळ्यात योग्य वाटते. तिच्यावर जुने फाँट चालतात आणि युनिकोडही चालते. युनिकोड म्हणजे आज मोबाइलवर आपण जी मराठी लिहितो ती व्यवस्था, जिच्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. एकाच पडद्यावर एका बाजूला जुनी फाइल आणि दुसऱ्या बाजूला नवी मराठी ठेवता येते, आणि जुना मजकूर नव्यात उतरवायला हेच लागते. पेन ड्राइव्हही मुकाट ओळखला जातो. लॉक किंवा सॉफ्टवेअर एक्सपीवर चालायला नकार देत असेल, तेवढ्याच वेळी ९८ कडे वळा.

चौथा पर्याय लिनक्स. हा मोफत आणि मजबूत, पण पेजमेकर त्याच्यासाठी बनलेलाच नाही. शिवाय जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांना नवे लिनक्स सोडून चालले आहे. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठीची मांडणी बंद केली. अँटीएक्ससारखे हलके लिनक्स अजून साथ देते. ते एका सीडीवर करून ठेवा. जुन्या डिस्कची नक्कल काढताना त्याच्यासारखा सोबती नाही.

कार्यप्रणाली एक्सपी ठरली की यंत्र शोधणे सोपे होते. पेंटियम ४, ४७८ पिनांच्या सॉकेटचा, इंटेलच्या ८४५ किंवा ८६५ चिपसेटचा मदरबोर्ड पाहा. चिपसेट म्हणजे बोर्डावरची वाहतूक सांभाळणारी चिप. ९८ टाकायची असेल तर ८४५ वरच राहा, कारण २००४ नंतरच्या बोर्डांना ९८ चे ड्रायव्हर बहुधा मिळत नाहीत. ५१२ एमबी रॅम दोन्हींना पुरते. मागे प्रिंटर पोर्ट हवाच.

असे संगणक आपल्या जिल्ह्यात अजून सापडतात. २००१ च्या सुमारास एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्यात केंद्रे उघडली. त्या केंद्रांतले आणि पुढे बंद पडलेल्या सायबर कॅफेंतले पेंटियम ४ आज कुणाच्या तरी कोठीत आहेत. भंगारवाल्याकडे जायचे तर लवकर जा, कारण तो बोर्ड वेगळे काढून किलोवर पुढे पाठवतो. गावाकडे आपण सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतो, तेव्हा मागतानाही ‘जुना सीपीयू’ असेच मागा. अगदीच न मिळाले तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच.

घेताना बोर्डाकडे उजेडात नीट पाहा. प्रोसेसरच्या आसपास उभ्या नळकांड्या असतात, ते कपॅसिटर, म्हणजे विजेची छोटी टाकी. त्यांचे डोके सपाट हवे. फुगून वर आले असेल किंवा तपकिरी चिकट काही गळाले असेल, तर तो बोर्ड सोडा. १९९९ ते २००७ या काळातल्या पुष्कळ बोर्डांना हा रोग होता. सदोष कपॅसिटर तेव्हा जगभर वापरले गेले होते. टीव्ही दुरुस्त करणारा कुशल माणूस ते बदलून देऊ शकतो, पण नवख्याने सुरुवात अशा बोर्डाने करू नये.

डब्यात जुनी डिस्क असेल तर ती आधी बाजूला काढा. ती आपल्याच दुकानाची असेल, तर तिच्यावरून संगणक सुरू करून पाहायचा मोह आवरा. तिची पूर्ण नक्कल निघेपर्यंत तिच्यावर काहीही लिहू नका. ती दुसऱ्या संगणकाला जोडून, लिनक्सच्या सीडीवरून ‘डीडीरेस्क्यू’ या आज्ञेने नक्कल करा. खराब भाग टाळत आधी चांगला भाग उचलायचा, अशी तिची पद्धत आहे. डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. असा प्रत्येक प्रयत्न आतला मजकूर खरवडतो. डिस्क दुसऱ्याची असेल, तर मूळ मालकाला विचारल्याशिवाय उघडू नका.

मग साफसफाई. आपल्याकडच्या उन्हाळ्यात धूळ इतकी, की पंख्याखालच्या पट्ट्यांमध्ये तिचा नमदा बसलेला असतो. अंगणात नेऊन ब्लोअरने उडवा, पण पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. ते गरगर फिरले की पंखा खराब होतो. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते आणि तिचा एक न दिसणारा झटका रॅमला पुरतो. सुती कपडे घाला आणि भागांना हात लावण्याआधी नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावा. रॅमचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरने हलके घासा आणि चुरा झटका. ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार किती वेळा एवढ्यानेच मिटते, हे कोणत्याही दुकानदाराला विचारा.

बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, न मोजताच बदला. तारीख आणि बोर्डाच्या मूळ सेटिंग त्याच्यावर जगतात.

आता एसएमपीएस, म्हणजे घरची वीज बोर्डाला हव्या त्या दाबात आणून देणारा डबा. त्याच्या मागे छोटा लाल खटका असतो: ११५ किंवा २३०. तो २३० वरच हवा. एकदा मी तो न पाहता प्लग लावला. बंदुकीसारखा आवाज झाला, खोलीभर जळका वास पसरला आणि तो एसएमपीएस कायमचा गेला. बोर्ड जोडलेला नव्हता म्हणून वाचला. तेव्हापासून एसएमपीएस नेहमी आधी एकटा तपासतो, आपणही तसेच करा. वीस पिनांच्या प्लगमधली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी एका वायरच्या तुकड्याने जोडली की तो सुरू होतो. मल्टिमीटरवर काळी आणि लाल यांच्यामध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसावेत, काळी आणि पिवळी यांच्यामध्ये ११.४ ते १२.६. याबाहेर असेल तर तो बोर्डाला लावू नका. एसएमपीएस उघडायचाही नाही. बंद असतानाही त्यात वीज साठलेली असते. जुन्या, पाठीला फुगीर मॉनिटरचे तेच, उलट कित्येक पट जास्त.

विजेचे आणखी एक. डब्याच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. त्याचे कारण संगणकात नसून भिंतीत असते. अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेंशनमध्ये खुपसलेला आहे. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेतातले पंप सुरू झाले की जिथे दिवे मंदावतात, तिथे यूपीएसही हवा.

प्रोसेसरवरचा पंखा काढताना ४७८ च्या सॉकेटचा एक धोका लक्षात ठेवा. पंख्याखालची पेस्ट वीस वर्षांत सिमेंटसारखी धरते. सरळ वर ओढले तर प्रोसेसर पंख्याला चिकटूनच सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात. म्हणून बोर्ड आधी चालतो का ते पाहा. चालत असेल तर दहा मिनिटे चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. बंद करा, प्लग काढा, दोन्ही खटके सोडा आणि पंखा डावी-उजवीकडे हलकेच पिळत सैल करा. जुनी पेस्ट पुसा आणि नवी तूरडाळीच्या दाण्याएवढीच लावा. जास्त लावल्याने थंडावा वाढत नाही.

सगळे डब्यात बसवण्याआधी बोर्ड टेबलावर एका पुठ्ठ्यावर ठेवून चाचणी घ्या. बोर्ड, प्रोसेसर, पंखा, एक रॅम, एसएमपीएस, मॉनिटर आणि छोटा स्पीकर, एवढेच. बोर्ड ज्यात येतो ती चकचकीत पिशवी अंथरू नका, तिचा बाहेरचा भाग वीज वाहून नेतो. वीस पिनांच्या मोठ्या प्लगशिवाय चार पिनांचा एक चौकोनी प्लगही लावायचा असतो. तो प्रोसेसरची वीज आणतो आणि नेमका तोच विसरला जातो. तो नसला की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच.

सुरू केल्यावर एक छोटी बीप आली तर बोर्डाने स्वतःची तपासणी पार केली. एक लांब आणि दोन आखूड आल्या तर बहुतेक बोर्डांवर चित्राच्या कार्डाची तक्रार, पुन्हा पुन्हा लांब बीप येत असतील तर बहुधा रॅमची. स्पीकर न लावता बसणारे हा सगळा संवाद गमावतात.

चाचणी झाली की बोर्ड डब्यात बसवा. खालच्या पितळी उभ्या स्क्रूंची जागा बोर्डाच्या भोकांशी जुळते का पाहा. भोक नसलेल्या जागी स्क्रू राहिला, तर तो खालून बोर्डाला टेकतो आणि शॉर्ट होतो.

डिस्क जोडायची पट्टी आयडीईची, ४० पिनांची. तिची लाल कड डिस्कवर विजेच्या प्लगच्या बाजूला येते. डिस्कच्या पाठीला जंपर नावाची छोटी टोपी असते. एका पट्टीवर दोन उपकरणे असतील तर एकाला ‘मास्टर’, दुसऱ्याला ‘स्लेव्ह’ करायचे. दोघेही मास्टर ठेवले तर कधी एकही दिसत नाही. जुनी डिस्क कामाला लावण्यापेक्षा १२० जीबीची साधी एसएसडी सॅटा-आयडीई कन्व्हर्टरवर लावा. ती १३७ च्या आत राहते. मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात जाऊ द्या.

मग ‘विंडोज टाकणे’. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा. हा बोर्डाचा मूळ सेटिंगचा पडदा. तारीख लावा, पहिला क्रम सीडीला द्या. एक्सपीची सीडी आणि डब्याच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलवरचा क्रमांक एकमेकांशी जुळायला हवा, म्हणून भंगारातला डबा घेताना ते लेबल शाबूत आहे का तेही बघा. डिस्कचे दोन भाग करा. सी मध्ये विंडोज, डी मध्ये फायली. पुढे विंडोज बिघडली आणि ‘फॉरमॅट मारावा’ लागला, तर डी ला धक्का लागत नाही.

विंडोज चढली की ड्रायव्हर. आधी चिपसेटचा, मग चित्राचा, मग आवाजाचा. क्रम उलटा केला तर कधी कधी पडदा १६ रंगांवर अडकतो.

एक्सपीत मराठी आपोआप येत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा, ‘लँग्वेजेस’ या पानावर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ असा उल्लेख असलेल्या चौकोनात खूण करा. एक्सपी आपली सीडी पुन्हा मागेल, ती द्या. हे केले नाही तर ‘कि’ मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरे सुटी होतात. माणसांना वाटते फाँट खराब आहे. नंतर कीबोर्डमध्ये मराठी जोडा, म्हणजे इनस्क्रिप्टची मांडणी मिळते.

आता लॉक लावा, आणि ते संगणक बंद असतानाच. मग श्रीलिपी, मग पेजमेकर. बायोसमध्ये प्रिंटर पोर्ट बंद ठेवलेला असेल तर लॉक सापडत नाही. सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी तेवढे पाहून घ्या.

हा संगणक इंटरनेटला जोडू नका. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेची डागडुजी देणे थांबवले, ९८ ला तर २००६ मध्येच. फायली आणायला-न्यायला एकच पेन ड्राइव्ह ठेवा आणि दुसऱ्या संगणकावर तो दर वेळी तपासून घ्या.

पहिली फाइल उघडताना पेजमेकर ‘फाँट सापडत नाही, दुसरा वापरू का’ असे विचारेल. घाईने हो म्हणू नका. फाँटचे नाव लिहून घ्या, जुन्या डिस्कच्या नकलेत विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरमध्ये शोधा, तो बसवा आणि फाइल नव्याने उघडा. दुसरा फाँट घेऊन फाइल सेव्ह केली, तर मूळ मांडणी त्या फाइलमधून जाते. म्हणून मूळ सीडीवरची नव्हे, तिची प्रत उघडा.

पान नीट दिसले की त्याची पीडीएफ करा आणि फाँट पीडीएफच्या पोटात घ्यायला सांगा. पान जसेच्या तसे वाचले जाईल. पण ते चित्रासारखे, त्यात शोध घेता येत नाही. मजकूर शोधता यावा असे वाटत असेल, तर तो युनिकोडमध्ये वेगळा उतरवावा लागतो. त्यासाठी फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यांच्यानंतर डोळ्यांखालून घालणे चुकत नाही. रफार आणि ‘ऱ्य’ हमखास घसरतात. नावांमध्ये ही चूक राहिली तर पुढे त्या माणसाचे नाव शोधूनही सापडत नाही.

शेवटी एका कागदावर लिहा: बोर्डाचे नाव, विंडोज कोणती, लॉक कोणत्या सॉफ्टवेअरचे, जंपर कसे लावले, ड्रायव्हरची सीडी कुठे ठेवली. तो कागद डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. महिन्यातून एकदा तासभर संगणक चालवा आणि तेवढ्या वेळात माळ्यावरची आणखी एक सीडी खाली आणा.